न उचललेला भारा

दौंड, रेल्वे क्वार्टर
१२ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. शेवंतास सोजराबाईचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिले, कारण पत्राच्या वर लिहावे लागतात. मनात शिव्याच आहेत. काल तात्याबानं दूध संस्थेतून फोन केला. तुझ्या छातीवरच्या जखमेत पू झाला, पुण्याला नेऊन साफ करून आणली, आणि कशानं झालं विचारलं तर म्हणे गायींसाठी घासाचा भारा उचललास! ऐकलं आणि हातातला फोन आदळावासा वाटला. शेजारणीचा फोन म्हणून आदळला नाही.

अगं बाई, पौषात तुझ्या काळजाला मशीन बसवलं ते काय गंमत म्हणून? गोठ्यात धार काढता काढता चक्कर येऊन पडायचीस, काळीज निम्म्यानं चालत होतं तुझं. डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं, डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, ओझं उचलायचं नाही. तुझा नवरा, आमचा तात्याबा, दवाखान्याच्या जिन्यात बसून पोरासारखा रडला, ते मी या डोळ्यांनी बघितलंय. आई गेली तेव्हा तो रांगत होता. मी कडेवर घेऊन वाढवला त्याला. त्याला पुन्हा रडताना मला बघायचं नाही.

माझं घर, ह्यांचा डबा, सगळं सोडून मी तुझ्यापाशी येऊन राहिले. न्हाऊ घातलं, वेणी घातली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या कॉलनीतल्या बाया जीप करून न्हावऱ्याला आणल्या. आपल्याकडे नवा ट्रॅक्टर आला, विहिरीवर मोटर बसली, तरी आधी हळदकुंकू वाहतो. तुझ्या छातीतल्या मशीनला वाहावं असं कुणाला सुचलं होतं? तुला? तात्याबाला? मला सुचलं. पहिलं बोट माझं, मग ओळीनं सगळ्या सवाष्णींचं. एवढ्या जणींचे हात लागले म्हणून मशीन धरलं. आणि तू त्याच्यावर घासाचा भारा ठेवलास!

सगळं गाव हसतंय. तुझी चुलत जाऊ धुरपदा म्हणाली म्हणे, थोरल्या जाऊबाईंना दम निघंना. बरोबरच बोलली ती.

आता गोठ्याकडे फिरकायचं नाही. पुन्हा काही कानावर आलं तर मी गोठाच रिकामा करीन, सांगून ठेवते.

तुझी,
सोजराबाई

ता. क. ह्यांच्या ओळखीच्या माणसाबरोबर घरी कुटलेली हळद पाठवली आहे. जखमेवर चांगली दाबून लाव.


न्हावरे
२० फेब्रुवारी १९९९

ती. वन्सं यांना शेवंताचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. हळदही पोचली. आमटीत घातली.

मी भारा उचललेला नाही. आणखी एकदा लिहिते, मी भारा उचललेला नाही. या घरात आल्यापासून मी खोटं बोलले असेन तर ते एकाच बाबतीत, सगळ्यांची जेवणं झाल्यावर 'माझं झालंय' म्हणण्यात. दुसरं खोटं माझ्या नावावर नाही. भारा कुठून आला ते तुमच्या भावाला विचारा. मी काही बोलायचं नाही असं माझ्याकडून वदवून घेतलंय, म्हणून मी बोलत नाही. पण तोंड शिवलं म्हणून राग शिवला जात नाही.

तुम्ही म्हणता गाव हसतंय. गाव नुसतं हसत असतं तर चाललं असतं. गाव हात लावतंय. बिस्किटाचा पुडा घेऊन बाई येते, टेकते न टेकते तोच म्हणते, "बगू गं, सेल कुठं बसवलाय?" मी उत्तर द्यायच्या आत पदर बाजूला केलेला असतो. बोटानं दाबून बघतात. "कडक लागतंय गं!" परवा एकीनं तर कान लावला आणि म्हणाली, "आवाज येत न्हाई, बंद पडलं का काय?" मी जिवंत समोर बसलेली, आणि ही मला विचारते बंद पडलं का! धुरपदा मला मिक्सरपाशी उभी राहू देत नाही, करंट लागेल म्हणते. मिक्सरचा मला लागेल की माझा तिला लागेल, हे काही तिनं सांगितलं नाही.

आणि आपला पदर येतो तो नेमका डाव्या खांद्यावर. त्याचा काठ टाक्यांवर घासतो. डाव्या कुशीवर झोपता येत नाही, हात वर जात नाही, स्वतःचा अंबाडा स्वतःला घालता येत नाही. डॉक्टर म्हणाले, औषधानं जखम बसली तर बसली, नाहीतर हे मशीन वायरीसकट काढायचं आणि उजवीकडे नवं बसवायचं. मधले दिवस उशाशी ठेवलेल्या मशीनच्या डब्यावर जगायचं. मला त्याची भीती वाटते, वन्सं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते.

गायींना मात्र हात लावू नका. धारा तुमचे भाऊ काढतात. मी दावणीपाशी बाज टाकून बसते, हरणी आणि पवळी रवंथ करतात ते बघते. दुसरं काही करत नाही. हरणी गाभण आहे, चैत्रात व्यायची. तिला लहानाची मोठी मी केली, डेअरीच्या कार्डावर नाव माझं आहे. तेवढं एक माझं आहे या घरात, ते राहू द्या.

हे पत्र आंतरदेशीयावर लिहून कडेकडेनं चिकटवलंय. कार्ड टाकलं असतं तर भिमाजी पोस्टमननं तुमच्या आधी पारावर वाचून दाखवलं असतं.

आपली,
शेवंता


दौंड
३ मार्च १९९९

चि. सौ. शेवंतास आशीर्वाद.

दोन्ही गायी सुखरूप पोचल्या. माझे दीर ज्ञानूभावजी काळजीनं घेऊन आले, टेम्पोत खाली पेंढा घातला होता. आता त्यांच्याकडे, आमच्या शेतावरच्या वस्तीवर आहेत, तुला घोर नको.

तात्याबाला विचारूनच नेल्या. तो एवढंच म्हणाला, "अक्का, तिला वाईट वाटंल." मी म्हटलं, "वाटू दे. मेल्यावर वाटण्यापरीस जित्तेपणी वाटल्यालं बरं." त्यावर तो गप्प बसला. म्हणजे त्यालाही पटलं. जनावर नाही तर वैरण नाही, वैरण नाही तर भारा नाही. मी रेल्वेतल्या माणसाची बायको आहे, मला एवढा हिशोब कळतो.

तुझं पत्र वाचून मात्र वाईट वाटलं. कुणीतरी तुझं तोंड बांधलंय म्हणतेस. कुणी? माझ्या भावानं? ज्यानं तुझ्यासाठी दवाखान्याच्या फरशीवर अंग टाकलं त्यानं? केलेलं कबूल करायचं सोडून नवऱ्यावर ढकलायचं ही रीत तू कुठं शिकलीस? आणि बायांच्या हातांना नावं ठेवतेस! भेटायला येतात त्या मायेनं येतात. माझ्या कॉलनीतल्या बाया अजून विचारतात, "मशीनवाली वैनी कशी हाय?" त्यांनी तुला कुंकू लावलं. त्या हातांबद्दल असं लिहायला तुझी लेखणी कशी धजली?

हरणीची काळजी मी करते. तू स्वतःची कर.

सोजराबाई


न्हावरे
९ मार्च १९९९

ती. वन्सं यांना नमस्कार.

आज शिरसाष्टांग नाही. वाकता येत नाही आणि वाकावंसंही वाटत नाही.

टेम्पो आला तेव्हा मी ओट्यावर होते. हरणी फळीवर चढेना. तिनं दोनदा मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला तिच्याजवळ जाऊन पाठीवर थाप मारायची होती, तर ज्ञानूभावजी म्हणाले, "वैनी, तुमी लांब ऱ्हावा, तुमाला झेपायचं न्हाई." तुमचे भाऊ कुठं होते म्हणता? विहिरीवर. मोटर बघायला गेले होते. वीज नव्हती आणि मोटर बघायला गेले होते.

त्या दिवशी मी ठरवलं, मला घातलेली शपथ मोडायची. जिच्यासाठी घातली तिनंच माझा गोठा रिकामा केला.

तर आता ऐका. जखम चिघळली, ताप भरला, मला पुण्याला नेलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली. टाक्यांच्या फटीत लाल दिसलं. ते म्हणाले, "हे रक्त नाही. काय लावलंत?" मी सांगितलं, कुंकू. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. हळद आणि कुंकू, संक्रांतीला, हळदीकुंकवाच्या सगळ्या बायांनी. त्यांनी हातातला चिमटा ताटलीत ठेवला. मग तुमच्या भावाला आत बोलावून जे काही बोलले ते मी लिहीत नाही. बाजारातल्या कुंकवात काय काय रंग असतो, किती जणींची बोटं, कुणाच्या नखात काय, आणि खाली ओली जखम. घासाच्या भाऱ्याचं नावही कुणी काढलं नाही, कारण भारा नव्हताच.

बाहेर आलो. नळापाशी हे थांबले. तोंड धुतलं. मला वाटलं, आता माझ्या पाठीवर हात ठेवतील. तर म्हणाले, "अक्काला सांगू नगंस. तिला कळलं तर ती अन्न सोडंल. माझ्या गळ्याची आन हाय तुला." मी हो म्हटलं. तुमच्यासाठी हो म्हटलं, वन्सं. तुम्ही मला न्हाऊ घातलं होतं ते मी विसरलेली नाही. मला वाटलं, नाही सांगायचं म्हणजे गप्प बसायचं. गप्प बसायला मला येतं.

पण गावात आलो आणि पहिल्याच माणसानं विचारलं, कशानं झालं? आणि हे माझ्यासमोर म्हणाले, "घासाचा भारा उचलला हिनं." पटकन म्हणाले. अडखळलेसुद्धा नाहीत. तुमच्या जिवाला लागू नये म्हणून माझ्या डोक्यावर भारा दिला. डॉक्टरांनी मला ओझं उचलू नका म्हणून सांगितलं होतं आणि नवऱ्यानं हे उचलायला लावलं. तेव्हापासून गावातली पोरंसोरंसुद्धा मला सांगतात, काकी, ऐकायचं असतं डॉक्टरचं.

तुम्हाला आठवतं का त्या दिवशीचं? मी पाटावर बसले होते. तुम्ही करंडा घेऊन आलात आणि पदर सरकवलात. मी म्हटलं होतं, "वन्सं, टाकं वलं हायेत अजून." तुम्ही म्हणालात, "कुकवानं कुणाचं वंगाळ झालंय व्हय गं?" सगळ्या हसल्या. पंचवीस बाया रांगेत, मी छाती उघडी टाकून बसलेली, आणि प्रत्येकीचं बोट आधी कपाळाला आणि मग टाक्यांना. दुखत होतं. डोळ्यांत पाणी आलं तर तुम्ही बायांना म्हणालात, "बगा, कशी गहिवरलीय."

तुमची माया खोटी नव्हती हे मला माहीत आहे. माझा राग मायेवर नाही. मी नको म्हटलं ते कुणीच ऐकलं नाही, त्याचा राग आहे. तेव्हा तुम्ही ऐकलं नाही, नंतर ह्यांनी ऐकलं नाही, आता गायींच्या बाबतीत दोघांनी मिळून ऐकलं नाही.

जखम बसलेली नाही. कालपासून पुन्हा ताप आहे. पुढच्या आठवड्यात दाखल व्हायचं आहे, मशीन काढणार. मी त्यातून परत येईन का नाही ते माहीत नाही. पण भारा उचलणारी बाई म्हणून मला मरायचं नाही.

माझ्या गायी परत पाठवा.

शेवंता


दौंड
१६ मार्च १९९९

शेवंता,

आशीर्वाद लिहिलेले नाहीत. मुद्दाम.

दोन दिवस तुझं पत्र घेऊन बसले. ह्यांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं डोकं दुखतंय. कुंकवानं जखम सडली! माझ्या तोंडावर असं लिहिणारी तू पहिलीच. भाजलं तर हळद, कापलं तर हळद, बाळंतिणीच्या अंगाला हळद. आपण सगळ्या त्याच्यावरच वाढलो. आणि तुझ्या त्या डॉक्टरांना आपल्यातलं काय कळतं? दिसलं लाल, म्हणाले कुंकू.

तुला मी खुपते. पहिल्यापासून खुपते. तात्याबा माझं ऐकतो हे तुला बघवत नाही. म्हणून आता दुखण्याचं खापर माझ्या बोटावर फोडतेस. पंचवीस बायांच्या समोर मी तुझा मान केला, त्याचे हे पांग फेडलेस.

तात्याबा मला खोटं सांगणार नाही. त्याच्यावर मी कधी हात उगारला नाही, पण माझ्या डोळ्याला डोळा भिडवून तो आजवर खोटं बोललेला नाही. परवा पाडवा आहे. त्याला जेवायला बोलावलंय. पाटावर बसवून विचारणार आहे, हे कुंकवानं झालं का म्हणून. तो नाही म्हणाला की तुझं माझं बोलणं संपलं. आणि तो नाहीच म्हणणार.

सोजराबाई


(पोस्टकार्ड)

दौंड
२२ एप्रिल १९९९

चि. सौ. शेवंतास अनेक आशीर्वाद. ह्या वेळी मनापासून.

उजवीकडे मशीन बसवून घरी आलीस ते कळलं. मधे मी पुण्याला आले होते. वॉर्डाच्या दारातून बघितलं. तुझ्या मानेतून वायर निघालेली, उशाशी डबा, आणि तू डोळे मिटलेले. आत यायचा धीर झाला नाही. आणलेली मोसंबी दुसऱ्या बाईच्या माणसाला दिली.

तात्याबा पाडव्याला आला होता. विचारलं. मान खाली घालून म्हणाला, "अक्का, तुला वाईट वाटलं आसतं." मी म्हटलं, "आन् तिला?" पुरणपोळीच्या भरल्या ताटावरून उठवला आणि उपाशी परत लावून दिला. मी काय काचेची आहे, फुटायला? मला वाचवायला त्यानं तुला बुडवलं, आणि मी त्याला शहाणा म्हणत होते. ह्याचा संताप अजून जात नाही. स्वतःच्या बोटाचाही जात नाही.

हे आंतरदेशीयावर लिहिता आलं असतं. कार्डावर लिहिलं कारण कार्ड भिमाजी वाचतो. भिमाजी, मोठ्यानं वाच, आणि पारावर वाच. शेवंतानं भारा उचललेला नव्हता. ओल्या टाक्यांवर हळदकुंकू मी लावलं, ती नको म्हणत असताना, आणि बाकीच्या बायांना लावायला लावलं.

हरणी व्याली. कालवड आहे, कपाळावर चांद आहे. रविवारी ज्ञानूभावजी तिघींना घेऊन येतील. मी टेम्पोत बसणार नाही. तू ये म्हणालीस तर येईन.

सोजराबाई


(पोस्टकार्ड)

न्हावरे
२ मे १९९९

ती. वन्सं यांना शिरसाष्टांग नमस्कार. थोडं वाकता येतं आता.

मीही कार्डच टाकते आहे. भिमाजी दारात आला तो नेहमीसारखा हसत नव्हता. म्हणाला, "वैनी, समद्यांफुडं वाचलं म्या. दोनदा वाचाय लावलं लोकांनी." धुरपदा संध्याकाळी आली. गायींना पाणी दाखवलं, शेण उचललं आणि गेली.

गायी पोचल्या. पवळी खंगलीय, तुमच्याकडे तिला भुसा जास्त झाला. कालवड मला ओळखत नाही अजून, माझ्या हाताला ढुशी देते. ओळखेल.

मशीन बरं आहे. उजवीकडे पदर येत नाही, म्हणून जखम शांत आहे. आता कुणी 'बगू' म्हटलं की मी नाही म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा माझा मलाच घाम फुटला. आता सवय होते आहे.

राग गेलेला नाही, खोटं कशाला लिहू. तुमच्यावरचा बराचसा गेला, तुम्ही चारचौघांत बोललात म्हणून. ह्यांच्यावरचा आहे तसाच आहे. सगळ्या गावाला कळलं ते तुमच्या कार्डावरून, ह्यांच्या तोंडून अजून एक अक्षर निघालेलं नाही. मी कामापुरतं बोलते. घासाचा भारा आता रोज हेच आणतात, डोक्यावरून, पारासमोरून. मी ओट्यावरून बघते. पुढे होऊन हात लावावा असं अजून वाटलं नाही.

तुम्ही संक्रांतीपर्यंत थांबू नका, आधीच या. आल्यावर माझ्यासमोर साबणानं हात धुवायचे. कुंकू कपाळाला लावायचं, खाली उतरायचं नाही. कालवडीलाही लावा, तिला अजून कुणी लावलेलं नाही. मी सगळ्यांना थांबवून ठेवलंय. पहिलं बोट तुमचं.

आपली,
शेवंता